पायरीवरची मालुबाई

भाकरी थापण्यात मालुबाईचा हात धरणारं मिशनच्या आवारात कुणी नव्हतं. मुलींच्या बोर्डिंगचं अख्खं स्वयंपाकघर तिच्या अंगावर होतं. पण तिचं खरं मानाचं काम शनिवारचं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बेळगावातल्या त्या छोट्या ख्रिस्ती देवळात प्रभुभोजन असायचं. त्यासाठी ती आदल्या दुपारी एक मोठी बिनमिठाची चपाती भाजायची आणि मूठभर मनुका उकळून त्यांचं लालसर पाणी गाळून ठेवायची. खरा द्राक्षारस दारूच्या दुकानात मिळाला असता, पण तिथं कुणाला धाडायचं म्हटलं तर मिशनच्या मडमेला घेरी आली असती. तेव्हा मनुकांवरच भागत होतं.

रविवारी ती चपाती पाळकसाहेब मोडायचे. ताटली बाकाबाकांवरून फिरायची, मागोमाग एकच पेला फिरायचा, आणि सगळी मंडळी त्याच ताटलीत हात घालून त्याच पेल्याला तोंड लावायची. कुणी शेतकऱ्याच्या घरातलं, कुणी चांभारवाड्यातलं, कुणी गावकुसाबाहेरचं. ज्या गावांतून ही माणसं आली होती तिथं नुसत्या सावलीवरून डोकी फुटत. त्यामुळं हा पेला म्हणजे काय होता, ते आज कितीही सांगितलं तरी पुरतं कळायचं नाही. मालुबाई तो वीसेक वर्षं पीत आली होती आणि जगात आपल्याला धरून ठेवणारी एवढीच एक गोष्ट आहे, असं तिला वाटायचं. तोच पेला पुढं तिला बंद झाला. का झाला, ते सांगायचं तर आधी प्लेगाचं सांगायला हवं.

मालुबाई बेळगावजवळच्या उचगावची सून. घर शेतकऱ्याचं, खाऊनपिऊन सुखी. नवरा मष्णू स्वभावानं गरीब, बापाच्या शब्दाबाहेर न जाणारा. पदरी एक पोर, नागू, नुकती बोलायला लागलेली आणि दिवसभर आईच्या पदराला धरून हिंडणारी. त्या वर्षी घराघरात उंदीर पडायला लागले आणि रिवाजाप्रमाणं गाव उठलं. प्लेग आला की सगळ्यांनी घरं सोडून माळावर खोपटी घालून राहायचं, आणि ज्याच्या अंगावर गाठ उठली असेल त्याला बरोबर न्यायचं नाही, असा तो रिवाज. रिवाज क्रूर होता हे खरं, पण तो पाळला म्हणून कितीतरी घरं वाचलीही होती. निघायच्या सकाळीच मालूच्या काखेत गाठ आली.

सासऱ्यानं तिला मागं ठेवायचं ठरवलं. पोर रात्रभर आईच्या कुशीत होती, म्हणजे तिलाही रोगानं धरलं असणार, म्हणून तिलाही ठेवायचं ठरलं. कुणीतरी घागर भरून ठेवली, टोपलीत भाकरी ठेवल्या, आणि पोर मागं धावत येऊ नये म्हणून बाहेरून दाराला कडी घातली.

पुढचं मालूला तुटक तुटक आठवायचं. नागूला काहीच झालेलं नव्हतं. तिला तहान लागली होती. ती आपल्या हातानं पाणी घ्यायला गेली आणि घागर कलंडली. शेणानं सारवलेल्या जमिनीत पाणी बघता बघता मुरलं. मालू तापानं फणफणलेली, तिला मान उचलवेना. पोर दारापाशी बसून दार वाजवत राहिली. "पानी, आयं, पानी," एवढंच म्हणत राहिली. मग ती म्हणायची थांबली, आणि दार वाजवायचीही थांबली.

मिशनची नर्स औषधाची पेटी घेऊन ओस गावांतून फिरायची. पेटी धरायला गुणाबाई असायची, गावकुसाबाहेर जन्मलेली, मालूच्याच वयाची बाई. घराला कुलूप नाही, नुसती कडी आहे, हे तिला विचित्र वाटलं आणि तिनं दार उघडलं. पोर दाराला टेकूनच होती, ती उघडणाऱ्या दाराबरोबर सरकली. गुणाबाईनं आधी तिला उचललं, मग मालूच्या तोंडाला तांब्या लावला. त्या तांब्याची जात मालूनं विचारली नाही. तो उशिरा आला, एवढंच ती पुढं कधीतरी म्हणायची.

गाठ फुटून मालू जगली. जगली ही बातमी उचगावात पोचली आणि ती गुणाबाईच्या हातचं प्याली हीही पोचली. तिला न्यायला कुणी आलं नाही. माहेरच्यांनी नाव टाकलं. नागूला नर्सनं गावाबाहेर कुठल्याशा बांधाला पुरलं होतं. पुढं मालू तिथं गेली तर बांध नांगरून सपाट झालेला, जागाही सापडेना. मग मिशनच्या आवारातली एक खोली हेच तिचं घर झालं. तिनं बाप्तिस्मा घेतला तोसुद्धा शास्त्र समजून नव्हे. इथं एका बाईनं आपल्यासाठी कडी काढली, एवढं तिला समजलं होतं आणि तेवढं तिला पुरलं.

तिला एक सवय जडली. खोलीचं दार रस्त्याकडं होतं. तिथं ती एक माठ भरून ठेवायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला बोलावून पाणी द्यायची. गाडीवान असो, भिकारी असो, गस्तीचा पोलीस असो. मंडळीतली माणसं कौतुकानं म्हणायची, बघा आमची मालुबाई, शास्त्र कसं आचरणात आणते. गुणाबाईला खरं कारण ठाऊक होतं.

अशी वर्षं गेली, आणि एका रविवारी मष्णू आला.

त्याचंही काही बरं झालेलं नव्हतं. दुसरं लग्न झालं, दोन मुलं झाली, ती बायको बाळंतपणात गेली. भावांनी शेत गिळलं. पोट भरायला तो निपाणीला तंबाखूच्या वखारीत राहिला आणि तिथल्या धुराळ्यानं त्याची छाती पार खिळखिळी केली. मुलं मोठी झाल्यावर बापाला विचारीनाशी झाली. निपाणीच्या बाजारात एक उपदेशक उभा राहून सांगत होता, की देवाच्या दारात नको असलेलं माणूस कुणीच नाही, आणि पदरात घेता येणार नाही एवढं मोठं पापही कुठलं नाही. मष्णू तिथंच धुळीत बसला आणि रडला. त्याचं रडणं खोटं नव्हतं. ते खोटं असतं तर पुढचं सगळं फार सोपं झालं असतं.

त्या उपदेशकानंच त्याला बेळगावच्या मंडळीत आणलं. बाप्तिस्म्याआधी मंडळीसमोर उभं राहून आपली साक्ष द्यायची पद्धत होती. मालुबाई बायकांच्या बाजूला, खांबाशेजारी बसली होती. समोर उभा राहिलेला, अकाली वाकलेला म्हातारा कोण, ते तिनं आवाजावरून ओळखलं. त्यानं काही लपवलं नाही. प्लेग सांगितला, गाठ सांगितली, पोर सांगितली. आणि म्हणाला, "आबानं सांगितलं, पन कडी म्या घातली. ह्या हातानं घातली. पोरगी आतनं हाका मारत हुती आनि म्या चालत गेलो."

इतकी वर्षं तिची समजूत होती की कडी सासऱ्यानं घातली. सासरा कधीच मरून गेला होता आणि मेलेल्या माणसावर राग धरून बसणं जरा सोपं असतं. आता तो राग उठून थेट समोरच्या जिवंत माणसाच्या अंगावर गेला. मष्णूचं ओझं त्या दिवशी खरोखर उतरलं, त्याच्या तोंडावर ते दिसत होतं. ते उतरून कुणाच्या डोक्यावर गेलं, याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. लोक डोळे पुसत त्याला मिठ्या मारत होते. मालुबाई मागच्या दारानं निघाली आणि बोर्डिंगच्या भाकरी थापायला बसली.

पाळकसाहेबांचं नाव मारुतीराव. ख्रिस्ती पाळकाचं नाव मारुतीराव कसं, असं नवखे लोक विचारायचे. ते हसून म्हणायचे, बापानं ठेवलंय, देवाला चालतंय तर तुम्हाला का चालू नये? माणूस खरोखर चांगला होता. चांगल्या माणसांच्या हातून जे नुकसान होतं ते भरून काढायला कुणाकडं जायचं, हे मात्र मला आजवर कळलेलं नाही. ते मालुबाईकडं दोनतीनदा आले, समजावून गेले. क्षमा मोजून करायची नसते म्हणाले, आपल्यालाही क्षमा मिळालीच ना म्हणाले. ती खाली मान घालून ऐकायची आणि म्हणायची, "व्हय साहेब. मागतीया मी देवाकडं. अजून येईना झालंय."

आणि ती खरंच मागत होती. रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी ती गुडघे टेकायची आणि मष्णूचं नाव घ्यायची. नाव घेतलं की दार वाजायला लागायचं.

इकडं मिशनातच राहिलेल्या मष्णूनं सांगून टाकलं होतं, की मालू मला माफ करीपर्यंत मी प्रभुभोजनाला हात लावणार नाही. ताटली आली की तो मान हलवून पुढं द्यायचा. ते बघून लोकांचा जीव कळवळायचा. हळूहळू बायका मालुबाईकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागल्या. स्वतः रांगेत बसून खाते आणि त्या म्हाताऱ्याला उपाशी ठेवते, असं त्या बोलायच्या, आणि तिला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं.

चैत्रातली दुपार होती. मष्णू बाजारातून येताना खोकल्याच्या उबळीनं तिच्या दाराशीच खाली बसला. मालुबाई आतून आली. कोण आहे ते तिनं पाहिलं, आणि वाकून माठातून तांब्या भरून त्याच्यापुढं धरला. तो घटाघटा प्याला. ती तांब्या विसळून आत गेली.

आमच्या भागात भावकी फुटली की पहिल्यांदा पाणी तुटतं. ज्याच्याशी वैर त्याच्या घरचा थेंब कुणी पीत नाही की पाजत नाही. आणि तंटा मिटवायचा असला की पंच दुसरं काही करत नाहीत. एकानं दुसऱ्याच्या घरचं पाणी प्यायचं, की मिटलं, त्यावर पुन्हा बोलणं नाही. मष्णू उठला तो रडत थेट मारुतीरावांकडं गेला. "मालूनं पानी दिलं मला, तिच्या हातानं दिलं," म्हणाला. मारुतीरावांचे आजोबा गावचे पंच. पाळक झाले तरी त्यांच्या अंगात तेच रक्त होतं. त्यांना वाटलं, झालं, देवानं ऐकलं. मालुबाईला एका शब्दानं विचारावं, हे त्यांच्या मनातही आलं नाही. पाणी दिल्यावर काय विचारायचं?

पहिला रविवार आला. मारुतीरावांनी चपाती मोडायच्या आधी सांगितलं, की आपल्या मालुबाईनं मष्णूला मनापासून क्षमा केली आहे, आणि आज तो पहिल्यांदा आपल्याबरोबर जेवणार आहे. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. ताटली पहिल्या बाकाशी आली. मष्णूनं हात पुढं केला.

"थांबा," मालुबाई म्हणाली.

ती खांबाला धरून उभी राहिली होती. देवळात बाईमाणसानं असं मध्येच बोलायची रीत नव्हती आणि ती जन्मात मोठ्यानं बोलली नव्हती.

"पानी दिलं, ते तहान लागलीती म्हनून. तहानंला मी कुनालाच न्हाय म्हनत न्हाय. माफ केलं न्हाय मी. तुमी सांगितलासा म्हनून मी हितं गप बसली तर देवाम्होरं खोटं बोलल्यागत व्हईल."

मष्णूचा हात ताटलीवरून मागं गेला. त्याचं तोंड इतकं लहान झालं, की मालुबाईलाही ते बघवेना. मारुतीरावांनी पुस्तक मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं. ज्याच्या मनात दुसऱ्याविषयी तेढ आहे त्यानं या मेजाशी येऊ नये, हे वाक्य ते दर महिन्याला वाचायचे. थोड्या वेळापूर्वीच वाचलं होतं. काय करायचं ते त्यांना सांगावं लागलं नाही. मालुबाई बाकांमधून वाट काढत बाहेर गेली आणि देवळाच्या पायरीवर बसली.

पुढं पंचमंडळीनं निवाडा केला. मष्णूनं पाप कबूल केलं, माफी मागितली, त्याचं काम संपलं, त्यानं खावं. मालुबाईनं मन साफ होईपर्यंत थांबावं. शास्त्राप्रमाणं बघायला गेलं तर त्यात चूक काढता येत नव्हती. दुसऱ्या महिन्यापासून मष्णू आत बसून खाऊ लागला आणि मालुबाई बाहेर पायरीवर बसू लागली. शनिवारची चपाती मात्र तीच भाजत राहिली. ती नको म्हणून कुणाला सुचलं नाही आणि तिनंही हात आखडता घेतला नाही.

गुणाबाईला हे सोसवत नव्हतं. एकदा मनुका निवडता निवडता ती म्हणाली, "मालू, नुस्तं तोंडानं म्हन गं. मनाचं मनात ऱ्हाऊ दे. कोन बघाय येतंय?"

"ज्येला सांगायचं त्यो बघतोयच की."

"पर आता किती दीस बाहीर बसनार? त्यो बी थकलाय."

मालुबाईनं सूप खाली ठेवलं. "माजं काय गं, गुणा. मला सोडून गेला त्ये मी कवाच सोडलं. भ्याला हुता, पोरगाच हुता त्यो. पन नागूचं मी कसं सोडू? ती माज्याकडं पानी मागत हुती. तिला इचारल्याबिगर तिच्या वतीनं मी व्हय म्हनू? आनि तिला कुठं जाऊन इचारू?"

गुणाबाईनं त्या दाराची कडी काढलेली होती. ती पुन्हा या विषयावर बोलली नाही.

मष्णूची छाती पुढच्या थंडीत पुरती गेली. मिशनच्या दवाखान्यात त्याला ठेवलं होतं. अन्न जात नव्हतं. त्यानं मालूला बोलवा म्हणून लकडा लावला आणि मारुतीराव स्वतः तिला घेऊन आले. ती खाटेशेजारी बसली. त्याच्या ओठांना कोरड पडली होती, तर तिनं चमच्यानं थोडं थोडं पाणी घातलं. ते घशाखाली उतरल्यावर तो म्हणाला, "आता तरी म्हन, मालू."

"माजं सोडलं," ती म्हणाली. "खरंच सोडलं. त्येचा भार घिऊन जाऊ नगा."

"आनि पोरीचं?"

खोटं बोलावं असं तिला त्या वेळी फार वाटलं. ओठांपर्यंत शब्द आलाही. पण नागूच्या नावानं बोलायला तोंड उघडेना.

"पोरीचं माज्याकडं न्हाय," ती शेवटी म्हणाली.

"मग कुनाकडं हाय?"

मालुबाईनं खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या मारुतीरावांकडं बघितलं, तर ते पांघरूण सारखं करायला लागले. मष्णूनं भिंतीकडं तोंड केलं. दुसऱ्या दिवशी तो गेला.

सगळं आटोपल्यावर मारुतीराव तिच्या दाराशी आले. त्यांचेही केस आता पांढरे झाले होते. म्हणाले, "मालुबाई, आता या रविवारी आत या. माणूस गेला, वाद संपला."

"वाद हाय तितंच हाय, साहेब. मानूसच संपला," ती म्हणाली, आणि त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

त्यानंतर ती बरीच वर्षं जगली. बोर्डिंगच्या मुली बदलल्या, मडमा बदलल्या, रस्त्यावरून पांढऱ्या टोपीवाले स्वराज्याच्या घोषणा देत जाऊ लागले, त्यांनाही तिच्या माठातलं पाणी मिळालं. शनिवारी ती चपाती भाजायची, रविवारी पायरीवर बसायची. आतलं गाणं तिला तोंडपाठ होतं, ते ती बाहेरून हळू आवाजात म्हणायची. सकाळी गुडघे टेकणंही तिनं सोडलं नाही. मन साफ झालं की आत जाईन, असं ती शेवटपर्यंत म्हणत होती. ते झालं नाही. रडून, उपास करून, मागून मागून थकली, तरी झालं नाही.

गव्हाचं पीठ भिजवतानाच एका दुपारी ती कोसळली. मंडळीनं तिची माती चांगली केली, कशात काही कमी केलं नाही. आणि नवराबायको म्हणून तिला मष्णूच्या शेजारी पुरलं. गुणाबाई सांगायला गेली होती, की तिला उचगावच्या बांधाकडं कुठं तरी न्या. पण बांध कुठला ते तिलाही दाखवता येईना. मारुतीराव मातीवर हात ठेवून म्हणाले, "जिवंतपणी जे जमलं नाही ते देवानं आता जमवलं, दोघांना एकत्र आणलं." सगळ्यांनी आमेन म्हटलं. तिला याही वेळी कुणी विचारलं नव्हतं.

पुढच्या पहिल्या रविवारी चपाती दुसऱ्या कुणी तरी भाजली. ताटली फिरली आणि बायकांच्या बाजूला एक जागा रिकामी निघाली. मारुतीरावांनी बाहेर येऊन बघितलं तर गुणाबाई पायरीवर बसली होती, काठी शेजारी ठेवून.

"गुणाबाई, तुमचं कुणाशी वाकडं आहे? आत चला."

"माजं कुनाशी न्हाय, साहेब," गुणाबाई म्हणाली. "पन मालू आनि तिची पोर, दोघी बाहीर हायत्या. त्यास्नी सोडून आत कशी येऊ?"